ठक, ठग आणि थग

इंग्रजी भाषेने भारतीय भाषांकडून घेतलेल्या शब्दांची यादी लहान नाही. बंगला, खाट, पायजमा, चटणी, चंपी असे शब्द तिच्यात सहज सापडतात. यांतील बहुतेक शब्द वस्तूंचे किंवा रीतींचे आहेत. वस्तू बोटीतून गेली आणि तिच्याबरोबर तिचे नावही गेले, इतका त्यांचा इतिहास सरळ आहे. ‘लूट’ आणि ‘ठग’ या दोन शब्दांची गोष्ट वेगळी आहे. ते माणसाच्या वागणुकीवर निवाडा देणारे शब्द आहेत. निवाड्याचा शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातो, तेव्हा त्याच्यामागे कुणीतरी आरोपी असतो, कुणीतरी न्यायाधीश असतो आणि बहुधा एक कारागृहही असते.

‘ठग’ हा शब्द आज इंग्रजीत इतका रुळला आहे की तो परका असल्याचे इंग्रजी भाषकाला जाणवतही नाही. इंग्रजी जिभेला ‘ठ’ हा मूर्धन्य महाप्राण उच्चार नाही. तिने तो दंत्य करून घेतला आणि ‘ठग’चा ‘थग’ झाला. उच्चारातील हा बदल किरकोळ म्हणता येईल. अर्थातील बदल तसा नाही. मराठी वा हिंदी माणूस ‘ठग’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गोड बोलून फसवणारा माणूस उभा राहतो. तो अंगाला हात लावत नाही, विश्वासाला हात घालतो. इंग्रजी माणूस ‘थग’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात असतो तो दांडगा, आडदांड, मारामारी करणारा गुंड. त्याला फसवण्याची कला येत नाही आणि तिची गरजही नसते. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत सामाईक म्हणावे असे फारच थोडे उरले आहे. भारतीय भाषांनी कपट ठेवले, इंग्रजीने रक्त ठेवले. ही वाटणी कोठे आणि कधी झाली, याचा शोध घेऊ लागले की इतिहास जबलपूरच्या परिसरात, १८३० नंतरच्या दहा वर्षांत येऊन थांबतो.

जबलपूरहून उत्तरेस कटनीकडे निघाले की सुमारे सोळा किलोमीटरवर पनागर लागते. पुढे सिहोरा आणि त्याहून पुढे स्लीमनाबाद. रेल्वे येण्यापूर्वी नागपूर, जबलपूर आणि मिर्झापूर यांना जोडणारा जो मोठा रस्ता दक्षिणेला गंगेच्या खोऱ्याशी बांधत होता, त्याच रस्त्यावरची ही गावे. वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस बैलांच्या पाठीवरून याच वाटेने मिर्झापूरच्या बाजारात जाई. प्रयाग-काशीला निघालेले यात्रेकरू, रजेवर घरी परतणारे शिपाई, सावकारांची रोकड वाहणारे हरकारे यांचीही हीच वाट. जबलपूर सोडल्यावर पहिल्याच मजलेवर लागणाऱ्या पनागरसारख्या गावाला अशा रस्त्यावर जे महत्त्व असते, ते नकाशावरील ठिपक्याच्या आकारावरून कळत नाही. सोबत कुणाची धरायची, पुढची मजल कोणाबरोबर करायची, हे अशाच ठिकाणी ठरत असे. ठगांच्या इतिहासात कळीचा प्रश्नही तोच आहे: वाटेवर भेटलेल्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवावा की ठेवू नये?

शब्दाच्या कुळाकडे वळले तर त्याचा संबंध सामान्यतः संस्कृत ‘स्थग्’ या धातूशी जोडला जातो. ‘स्थग्’ म्हणजे झाकणे, लपवणे. ‘स्थगित’ हा आजच्या कचेऱ्यांतील शब्द त्याच धातूचा. झाकणारा तो ‘स्थग’; खरे रूप झाकून खोटे दाखवणारा म्हणून तो लबाड. मराठीत या कुळाचे दोन शब्द नांदतात. ‘ठक’ हा अधिक घरगुती. त्याच्यापासून ठकवणे, ठकणे, ठकबाजी हे शब्द आले, ‘ठकास महाठक’ ही म्हण आली आणि वर्तमानपत्री मराठीत ‘ठकसेन’ हा थोडा थट्टेचा, थोडा कौतुकाचा शब्दही आला. ‘ठग’ हे रूप हिंदीच्या सहवासाने वावरणारे. दोन्हींच्या अर्थाचा गाभा एकच: फसवणूक. ‘ठकास महाठक’ म्हणणाऱ्याच्या मनात खून नसतो, हिशेब असतो. संतवाणीतही ठगाची उपमा मायेला दिली जाते, कारण माया माणसाला मारत नाही, भुलवते. हिंदीत ‘ठगविद्या’ आणि ‘ठगलाडू’ हे जुने शब्द आहेत. गुंगीचे औषध घातलेला लाडू देऊन प्रवाशाला लुबाडणारा हा त्यांच्यामागचा माणूस. येथे फसवणुकीच्या अंगाने हिंसा हळूच प्रवेश करते, तरी शब्दाचा भर लाडवाच्या गोडीवरच राहतो.

शब्द जुना आहे, याला इतिहासाचाही आधार आहे. झियाउद्दीन बरनी याच्या फार्सी इतिहासात जलालुद्दीन खिलजीच्या काळातील, म्हणजे १२९० च्या आगेमागे घडलेली एक हकिकत येते. दिल्लीत सुमारे हजार ठग पकडले गेले. सुलतानाने त्यांना न मारता नावांत घालून बंगालच्या बाजूला लखनौतीकडे पाठवून दिले. हे ठग गळा आवळणारे होते, असे बरनी सांगत नाही. सतराव्या शतकात थेवेनो या फ्रेंच प्रवाशाने दिल्ली-आग्रा रस्त्यावर फास टाकून प्रवाशांना मारणाऱ्या चोरांचे वर्णन केले. दक्षिणेत अशा टोळ्यांना ‘फांसीगर’ म्हणत. रिचर्ड शेरवुड या मद्रासच्या शल्यवैद्याने १८१६ मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला तो याच नावाने. म्हणजे कृत्य एका नावाने ओळखले जात होते आणि ‘ठग’ हे नाव अधिक व्यापक, अधिक सैल अर्थाने वापरले जात होते. दोन्हींची गाठ पक्की बसायची होती.

ती बसली त्या प्रदेशाचा राजकीय इतिहास मराठी वाचकाला परका नाही. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी संपवले. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. डिसेंबर १८१७ मध्ये भोसल्यांचा पराभव होऊन जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले आणि १८२० मध्ये सागर-नर्मदा प्रदेश म्हणून त्याचा वेगळा कारभार सुरू झाला. या घडामोडींत फौजा मोडल्या, सरदारांचे आश्रय तुटले, पेंढाऱ्यांचा बीमोड झाला. हातात शस्त्र आणि पोटाला काही नाही, अशा माणसांची संख्या वाढली. माळवा, बुंदेलखंड आणि ग्वाल्हेरच्या सरहद्दीवर वाटमारी ही पूर्वीपासून काही जमीनदारांच्या आश्रयाने चाले. चंबळ-यमुनेच्या दुआबातील सिंदौस परगण्यात शिंद्यांच्या अंमलात अशा लोकांच्या घरांवर कर बसवला जात असल्याचा उल्लेख इंग्रजी कागदपत्रांत आढळतो. राज्यसत्तेला या मंडळींचा धंदा ठाऊक होता आणि त्यातला हिस्साही पोहोचत होता, असा याचा सरळ अर्थ. इटाव्याचा मॅजिस्ट्रेट थॉमस पेरी याने १८१० च्या सुमारास अशा काही लोकांच्या जबान्या घेतल्या. १८१२ मध्ये सिंदौसवर कंपनीची फौज गेली. टोळ्या पांगल्या आणि त्यांतल्या बऱ्याच दक्षिणेकडे सरकल्या.

विल्यम हेन्री स्लीमन याचा प्रवेश या पार्श्वभूमीवर होतो. कॉर्नवॉलमध्ये १७८८ साली जन्मलेला हा माणूस बंगालच्या फौजेतून मुलकी खात्यात आला, १८२२ ते १८२४ या काळात नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे होता आणि पुढे तो जबलपूरला गेला. त्याने नंतर स्वतःच नमूद केले आहे की, नरसिंहपूरला आपल्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, कंदेली गावात ठगांची वस्ती होती आणि जवळच्या आमराईत प्रवासी पुरले जात होते, तरी त्यातले काहीही त्या वेळी आपल्याला कळले नव्हते. स्लीमनच्या पुढील आयुष्यातील तीव्रतेचे मूळ या उशिरा कळण्यात असावे. तो भाषांचा जाणकार होता. त्याला जीवाश्मांपासून शेतीपर्यंत सर्वच गोष्टींत रस होता. जबलपूरजवळच्या टेकडीवर १८२८ मध्ये त्याला सापडलेली हाडे पुढे डायनासोरची ठरली. जमिनीखाली काय पुरले आहे हे शोधण्याची ही वृत्ती त्याच्या दोन्ही उद्योगांत सारखीच दिसते.

कलकत्त्याच्या एका साहित्यपत्रात १८३० च्या ऑक्टोबरमध्ये एक निनावी पत्र छापून आले. ते स्लीमनचे होते. विंध्याचलच्या देवीचे देऊळ हे ठगांचे केंद्र आहे, तेथे लुटीचा वाटा चढतो आणि देशभर पसरलेला हा एक धर्मबद्ध पंथ आहे, अशी त्याची मांडणी होती. स्थानिक वाटमारीचे रूपांतर येथे अखिल भारतीय कटात झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस फिरंगिया हा नामांकित जमादार पकडला गेला आणि माफीचा साक्षीदार झाला. त्याने दाखवलेल्या जागा खणल्या गेल्या, प्रेते निघाली. साक्षीदारांवरून साक्षीदार मिळत गेले. इंग्रजी नोंदींनुसार १८३१ ते १८३७ या सात वर्षांत ३२६६ ठगांचा निकाल लागला. त्यांपैकी ४१२ जणांना फाशी झाली आणि ४८३ जण माफीचे साक्षीदार झाले. बाकीच्यांपैकी पुष्कळांच्या वाट्याला काळे पाणी किंवा तुरुंगवास आला.

साहित्याच्या अभ्यासकाला या मोहिमेतील सर्वांत लक्षणीय गोष्ट वाटेल ती अशी की, तिचे फळ एका शब्दकोशाच्या रूपाने बाहेर आले. स्लीमनचा ‘रामसियाना’ हा ग्रंथ १८३६ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. ठगांच्या ‘रामसी’ या सांकेतिक बोलीचा तो संग्रह होता. फास टाकणारा तो ‘भुर्तोट’, प्रवाशाला बोलण्यात गुंतवणारा तो ‘सोथा’, खुनाची जागा ती ‘बेल’, इशारा ती ‘झिरनी’. प्रवाशाला ते ‘बनीज’ म्हणत. हा शब्द ‘वाणिज्य’चाच अपभ्रंश, मराठीतील ‘वणजारा’ त्याचाच भाऊबंद. माणसाला ‘माल’ म्हणणे हे भयंकर खरे, पण शब्द मात्र बाजारातला, रोजच्या वापरातला. रामसीतील बरेच शब्द असेच साध्या हिंदीतून अर्थ वाकवून घेतलेले आहेत. अशी वाकवलेली बोली केवळ गुन्हेगारांचीच असते असे नाही. दलालांच्या, सराफांच्या, फिरत्या कलावंतांच्या सांकेतिक बोली भारतभर होत्या. मराठीत ‘करपल्लवी’ आणि ‘नेत्रपल्लवी’ हे शब्द अशाच खुणांच्या भाषेसाठी आहेत. तरीही एकदा कोश छापला गेल्यावर वेगळी भाषा म्हणजे वेगळी जमात, वेगळी जमात म्हणजे वेगळा धर्म, अशी अनुमानाची साखळी सहज तयार झाली.

येथे दुसऱ्या एका कोशाची आठवण होणे अपरिहार्य आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईस १८३१ मध्ये, म्हणजे जबलपूरची मोहीम ऐन भरात असतानाच प्रसिद्ध झाला. त्याची दुसरी, वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. दोन्ही कोश कंपनीच्या अधिकाऱ्यांचे, दोन्ही देशी माणसांकडून शब्द ऐकून घेतलेले. मात्र मोल्सवर्थच्या समोर बसलेले शास्त्री आपापल्या भाषेचे जाणकार म्हणून बसले होते. स्लीमनच्या समोर बसलेला माणूस बेडीत होता आणि त्याच्या डोक्यावर फाशीची टांगती दोरी होती. पहिल्या कोशात शब्दाला अनेक अर्थ असू शकत, कारण तो कोश समाजाच्या बोलण्याची नोंद घेत होता. दुसऱ्या कोशात शब्दाला एकच अर्थ असणे सोयीचे होते, कारण तो पुरावा होता. ‘ठग’ या शब्दाचे जे आकुंचन झाले, त्याची गुरुकिल्ली या दोन कोशांच्या अंतरात आहे.

कोशानंतर कायदा आला. १८३६ च्या तिसाव्या अधिनियमाने असे ठरवले की, जो कोणी ठगांच्या टोळीत होता असे सिद्ध होईल, त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप व्हावी. विशिष्ट खून त्याने केला हे वेगळे सिद्ध करण्याची आवश्यकता उरली नाही. गंमत अशी की, ‘ठग’ म्हणजे कोण हे या कायद्याने सांगितलेच नाही. ती व्याख्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत आली. दरोडा किंवा मुलांची चोरी यांसाठी, खुनाच्या मार्गाने वा खुनासहित, जो इतरांशी सवयीने संबंध ठेवतो तो ठग, असे ३१० व्या कलमात म्हटले आणि ३११ व्या कलमात त्याची शिक्षा सांगितली. दंड संहितेतील बहुतेक कलमे कृत्याची व्याख्या करतात: चोरी म्हणजे काय, फसवणूक म्हणजे काय. ३१० वे कलम माणसाची व्याख्या करते. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर क्रियापदाची जागा येथे नामाने घेतली. जो ठकवतो त्याला उद्या ठकवणे सोडता येते. जो ‘ठग’ आहे त्याला काय सोडता येईल?

हा प्रश्न कल्पनेतला राहिला नाही. माफीच्या साक्षीदारांना सोडून देता येत नव्हते. सोडले तर ते पुन्हा धंद्याला लागतील ही एक भीती आणि सुडाने मारले जातील ही दुसरी. १८३७ मध्ये जबलपूरला उद्योगशाळा निघाली. तेथे हे साक्षीदार आणि त्यांची मुले तंबू, सतरंज्या आणि गालिचे विणू लागली. जबलपूरचे तंबू आणि गालिचे नावाजले गेले. ज्या हातांनी फास आवळले त्याच हातांनी सूत गुंफावे, या योगायोगाचे एकोणिसाव्या शतकातील लेखकांना मोठे अप्रूप होते. त्यांच्या लिखाणात जे क्वचितच येते ते असे: ज्या मुलांनी काहीच केले नव्हते, त्यांचेही आयुष्य त्याच आवारात गेले. बापाचे नाव मुलाला लागणे ही समाजाची रीत होती. बापाचा गुन्हा मुलाला लागणे ही सरकारची रीत झाली.

इकडे शब्द समुद्रापार निघाला होता. फिलिप मेडोज टेलर याची ‘एका ठगाचा कबुलीजबाब’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी १८३९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली आणि गाजली. टेलर निजामाच्या नोकरीत होता. पुढे १८५३ ते १८५७ या काळात नळदुर्ग हे त्याच्या कारभाराचे ठिकाण होते. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवरील त्याची ‘तारा’ ही ‘मराठी कथा’ १८६३ ची. एकाच लेखकाच्या या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की एक विसंगती दिसते. पहिल्या कादंबरीत भवानी ही मारेकऱ्यांची देवता आहे; दुसरीत ती घरातल्या माणसांची, मुलीबाळींची, पुजाऱ्यांची देवी आहे. मराठी वाचकाच्या मनात ‘भवानी’ या नावाभोवती जे आईपण आहे, त्याची ओळख टेलरला या मातीत राहून झाली. इंग्लंडमधील वाचकाला मात्र पहिलीच भवानी अधिक भावली. फ्रान्समध्ये यूजेन स्यू याने १८४४-४५ च्या आपल्या ‘भटक्या ज्यू’वरील लोकप्रिय कादंबरीत फिरंगियाच्या नावाचे पात्रच आणले. जबलपूरच्या कैद्याचे नाव पॅरिसच्या वृत्तपत्रवाचकाच्या घरी पोहोचायला पंधरा वर्षेही लागली नाहीत.

भारतातील ठगांविषयीचे कुतूहल ओसरले तरी शब्द राहिला, कारण त्याला तोवर नवे काम मिळाले होते. टॉमस कार्लाइल याने १८३९ च्या ‘चार्टिझम’ या निबंधात ग्लासगोच्या कामगार संघटनांच्या हिंसेसाठी हाच शब्द योजला. वसाहतीतील गुन्हेगाराचे नाव मायदेशातील कामगाराला लावण्याची ही सुरुवात अर्थपूर्ण आहे. अमेरिकेत निवडणुकीच्या वेळी दंडेली करणाऱ्या शहरी टोळ्यांना तो लागला, पुढे संपफोड्यांना, खंडणीखोरांना लागला. या प्रवासात प्रवाशाशी गोड बोलणे, त्याच्याबरोबर जेवणे, दिवसेंदिवस सोबत करणे हा ठगाच्या कर्माचा मुख्य भाग गळून पडला. गजबजलेल्या शहरात अनोळखी माणसाची सोबत धरण्याची गरजच नसते. हिंसा उरली, कपट गेले. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात यूल आणि बर्नेल यांनी या शब्दाचा मूळ अर्थ लबाड, फसवणारा असाच असल्याची आठवण करून दिली. तोवर इंग्रजीला ती आठवण नकोशी झाली होती.

विसाव्या शतकाच्या शेवटी या शब्दाने आणखी एक वळण घेतले. टुपाक शकूर या कृष्णवर्णीय गायकाने १९९४ मध्ये आपल्या गटाच्या ध्वनिमुद्रिकेला हाच शब्द घेऊन नाव दिले. ज्या नावाने समाज हिणवतो तेच मिरवण्याचा तो पवित्रा होता. २०१४ मध्ये रिचर्ड शर्मन या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूने असे म्हटले की, पूर्वीची वांशिक शिवी आता उच्चारता येत नाही म्हणून लोक त्याऐवजी हा शब्द वापरतात. एप्रिल २०१५ मध्ये बाल्टिमोर येथील दंगलीनंतर तेथील महापौर स्टेफनी रॉलिंग्ज-ब्लेक आणि अध्यक्ष बराक ओबामा या दोघांनीही दंगेखोरांसाठी हा शब्द वापरला आणि त्यावर मोठा वाद झाला. महापौरांनी नंतर तो शब्द मागे घेतला. या वादात भाग घेणाऱ्यांना जबलपूर ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही वाद तोच होता: हा शब्द माणसाने काय केले ते सांगतो, की तो माणूस जन्मतःच कोण आहे ते? त्याच सुमारास इंग्लंडमधले बागकाम करणारे लोक फोफावून इतर रोपांना दडपणाऱ्या झाडांनाही हाच शब्द निरागसपणे लावत होते. एका शब्दाच्या पोटात इतकी अंतरे मावतात.

ठगांच्या इतिहासाविषयी विद्वानांचे एकमत नाही. हिरालाल गुप्त यांनी १९५९ मध्ये या टोळ्यांच्या वाढीचा संबंध कंपनीच्या राजवटीने निर्माण केलेल्या परिस्थितीशी जोडला. स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मध्ये अठराव्या शतकातील माळव्याच्या सत्तास्पर्धेत त्यांची जागा दाखवली. राधिका सिंघा यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात कंपनीच्या कायद्याने कशी पावले टाकली ते तपासले. किम वॅग्नर यांनी २००७ मध्ये मध्यम भूमिका घेतली: खून खरे होते, टोळ्या खऱ्या होत्या, परंतु देशव्यापी धर्मपंथ ही साहेबाच्या मनाची रचना होती. हे मत अधिक समतोल वाटते. ठग ही केवळ इंग्रजांची कल्पना होती असे म्हणणे म्हणजे आमराईत पुरल्या गेलेल्या प्रवाशांना दुसऱ्यांदा पुरणे होय. त्यांत काशीला निघालेले यात्रेकरू होते, घराकडे परतणारे शिपाई होते आणि घरची माणसे त्यांची वाट पाहत राहिली. पण त्या मृतांना न्याय देण्यासाठी जे शब्द आणि कायदे घडले, त्यांनी पुढे कुणावर अन्याय केला हे न पाहणे हीसुद्धा इतिहासाची फसवणूकच ठरेल.

कारण जबलपूरला तयार झालेली रीत जबलपूरपुरती राहिली नाही. ठगी आणि डकैती खाते १९०४ पर्यंत टिकले आणि त्यातून पुढे गुप्तवार्ता खाते निघाले. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. माणसाऐवजी संपूर्ण जमातच जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची त्यात सोय होती. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारेच्या आत वसाहती उभ्या राहिल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. कायदा गेला, शब्द राहिले. मराठीत ठगाला सर्वांत जवळचा प्रतिशब्द ‘भामटा’ आहे आणि ‘भामटा’ हे महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीतील नावाचाही भाग आहे. शिवी आणि जातीचा दाखला यांत एकच शब्द असणे म्हणजे काय, हे दाखला काढायला गेलेल्या मुलालाच ठाऊक. लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ च्या आत्मकथनाचे नाव ‘उचल्या’ आहे. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या शब्दाने जमातीला चोर ठरवले तोच शब्द लेखकाने पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घातला. स्लीमनच्या कोशात कैदी बोलतो आणि साहेब लिहून घेतो. ‘उचल्या’त ज्याच्याविषयी लिहिले गेले तोच लिहितो. या दोन ग्रंथांच्या मध्ये दीडशे वर्षे आहेत आणि त्या दीडशे वर्षांचा इतिहास कुठल्याही शब्दकोशात मावणारा नाही.

दंड संहितेतील ठगांची कलमे मात्र स्वातंत्र्यानंतरही पंचाहत्तरहून अधिक वर्षे जागच्या जागी होती. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली, तिच्यात ती वगळण्यात आली. कायद्याने घेतलेला शब्द कायद्याने परत केला. बोलीने तो कधी दिलाच नव्हता. जबलपूर-पनागरच्या रस्त्यावर, नागपुरात किंवा पुण्यात आज कुणी कुणाला ‘ठग’ म्हणतो, तेव्हा त्याला फासाचा रुमाल आठवत नाही. दूरध्वनीवरून गोड बोलून खात्यातील पैसे काढून घेणारा माणूस आठवतो. म्हणजे मधल्या शतकातील खुनाचा अर्थ निथळून गेला आहे आणि झाकणारा, भुलवणारा ‘स्थग’ पुन्हा वर आला आहे.

अनुवाद करणाऱ्या विद्यार्थ्याने यातून एक व्यावहारिक धडा घ्यावा. इंग्रजी वर्तमानपत्रातील ‘थग’ मराठीत आणताना ‘ठग’ लिहिणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत चुकीची वाट आहे. तेथे ‘गुंड’ हवा. मराठीतील ‘ठग’ इंग्रजीत नेतानाही तसाच सावधपणा हवा, अन्यथा निरुपद्रवी लबाडाच्या हाती शस्त्र दिल्यासारखे होईल. दोन भाषांत सारखा दिसणारा शब्द हा वाटेत भेटलेल्या गोडबोल्या सोबत्यासारखा असतो. त्याच्याबरोबर चालायला हरकत नाही, परंतु तो कोठून आला आणि मधल्या मजलांवर त्याचे काय झाले, हे विचारून घ्यावे. १८६७ मध्ये अलाहाबादहून जबलपूरपर्यंत आगगाडी आली, १८७० मध्ये ती मुंबईच्या मार्गाला जोडली गेली आणि पायी मजला करणाऱ्या प्रवाशांचे जगच मागे पडले. कोणत्याही कायद्यापेक्षा वाटेवरच्या ठगांचा धंदा त्या रुळांनी अधिक कायमचा संपवला असावा. शब्दांना मात्र रूळ नसतात. ते अजून पायीच चालतात, अनोळखी सोबतीने, आणि प्रत्येक मजलेवर थोडे बदलतात.